पेटायावेसीचं लाकडी चर्च: ओंडक्यांच्या भिंती टिकतात कशा?

नौपाडेकर:
मुलगी फिनलंडला असते. जूनमध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा पेटायावेसीचं जुनं लुथरन चर्च पाहिलं. १७६३ ते १७६५ मध्ये याको लेप्पानेन या गावाकडच्या सुताराने बांधलेलं. घंटाघर त्याच्या नातवाने १८२१ मध्ये जोडलं. माझे वडील सुतार होते, त्यामुळे मी आत शिरताच वर पाहिलं. चारी बाजू सारख्या लांबीच्या, मधोमध अष्टकोनी घुमट, आणि सगळं लाकूडच! प्रवचनाच्या व्यासपीठाखाली संत ख्रिस्तोफरची लाकडी मूर्ती आहे, जणू त्यानेच ते खांद्यावर तोललंय. मी तिथेच बराच वेळ उभा होतो. एवढ्या बर्फात आडवे ओंडके अडीचशे वर्षं कसे धरून राहिले?

खारघरची वास्तुविशारद:
काका, ओंडक्यांच्या टोकांना खाच पाडून कोपऱ्यात एकमेकांत अडकवतात. वरच्या वजनाने सांधा घट्ट होत जातो. लाकूड वाळलं की भिंत थोडी खाली बसते, म्हणून दारं-खिडक्यांच्या वर मोकळी फट सोडावी लागते. ओंडक्यांच्या मधल्या फटीत शेवाळ भरतात, वारा अडतो.

ऐरोलीचा भटक्या:
जागाही विचार करून निवडलेली आहे. दोन तळ्यांच्या मध्ये. उन्हाळ्यात लोक होडीने यायचे, हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून. आपली ठाण्याची तलावपाळी गोठत नाही म्हणून, नाहीतर! पण चर्च वाचलं ते दुर्लक्षामुळे, असं मला वाटतं. १८७९ मध्ये गावात नवं चर्च झालं आणि हे तसंच पडून राहिलं. पुढे स्ट्रिगोव्स्की या कलाइतिहासकाराचं लक्ष गेलं, दुरुस्ती झाली, १९९४ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. वापरात राहिलं असतं तर रंग, शेगड्या, नव्या खिडक्या, सगळं आलं असतं.

नौपाडेकर:
ताई, खिडकीवरची फट! आमच्या संगमेश्वरच्या घरी पावसाळ्यात दार अडकायचं, तेव्हा वडील चौकटीवर बोट फिरवून म्हणायचे, "लाकडाला श्वास घ्यायला जागा ठेव." मला तेव्हा कळलं नव्हतं. काल दुपारी गॅलरीत सागाच्या दोन तुकड्यांना वडिलांच्याच पटाशीने खाच पाडली. पहिली हलली. दुसरी बसली, ओढली तरी निघेना. फोटो टाकतो.