पेठेचा संघ आणि घरचा हिशोब (अनुभव धागा)

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना बायकोला वर्गणीच्या पावत्यांचं बाड सापडलं. रबर लावून ठेवलेलं, बारा वर्षांचं. तालमीचा शिक्का, माझं नाव, आकडे. तिनं बेरीज केली नाही हे माझं नशीब. एवढंच म्हणाली, "ह्यात फ्रीज आला असता." आमचा फ्रीज लग्नातला आहे, रात्री असा घरघरतो की पाहुण्याला वाटतं बाहेर टेम्पो लागलाय.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे फुटबॉलचा क्लब म्हणजे तालीम नाहीतर तरुण मंडळ. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, आणखी कितीतरी. लिव्हरपूल की आर्सेनल असं ठरवायला इथं कुणी बसत नाही. ज्या गल्लीत पाळणा हलला तो संघ तुमचा. थंडीत केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग सुरू होते, मग नॉकआउट स्पर्धा एकामागून एक, पावसाच्या तोंडापर्यंत. मॅच शाहू स्टेडियमवर, दुपारी. म्हणजे नोकरी, दुकान, पोरांची शाळा सुटायची वेळ, सगळं नेमकं मॅचच्या आड येतं. आणि आपण नुसतं बघत नाही. जर्सी, बूट, बाहेरच्या खेळाडूची खोली, मोडलेला पाय, सगळ्यासाठी पावतीपुस्तक दारात येतं.

तर लिहा. संघ गोव्याचा असो, इंग्लंडचा असो, चालेल. जमलं असेल तर कसं जमवलं, फसलं असेल तर कुठं फसलं. उखाळ्यापाखाळ्या नकोत, कुणाचं नाव घेऊन तर नकोतच.

शिरोलीतला फौंड्री कामगार

मोल्डिंगला आहे. फर्स्ट शिफ्टला साडेतीनला सुटलो की तोंड न धुता स्टेडियम. सेकंड असली की बदली मागायची. बदली फुकट मिळत नाही भावा, समोरच्याचा रविवार आपण भरायचा. एका हंगामात मी असे नऊ रविवार भरले. पोरगी तेव्हा दुसरीत होती. बाईंनी "माझा रविवार" असा निबंध दिला, तिनं लिहिलं, "रविवारी पप्पा कामावर जातात आणि सोमवारी मॅचला." निबंधाला दहापैकी आठ मिळाले.

पण खरी गोष्ट भिशीची. २०१८ साल. आम्ही दहा जण, महिन्याला दोन हजार. माझा नंबर मार्चात लागला, वीस हजार हातात आले. घरात ठरलं होतं, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं. त्याच आठवड्यात आमच्या बॅकचा, म्हणजे बचावाला खेळणाऱ्या पोराचा, गुडघा गेला. साधं वळला, कुणी धक्कासुद्धा दिला नव्हता. पोरगं एकोणीस वर्षांचं, बाप सेंट्रिंगच्या कामावर. रात्री कट्ट्यावर सगळे बसलेले, एमआरआयचे पैसे कोण देणार म्हणून एकमेकांकडे बघत होते. खिशात भिशीचं पाकीट होतं. मी आठ हजार काढून दिले. कुणी मागितले नव्हते.

घरी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी भिशीतल्याच एका वहिनीनं बायकोचं कौतुक केलं, "तुमच्या ह्यांचं मन मोठं हं." झालं. बायको दोन दिवस बोलली नाही. आई मात्र म्हणाली, "त्या पोराच्या आईनं काय केलं असतं मग? माझं दिवाळीला बघू."

दिवाळीलाच झालं. चांगलं झालं, आता पेपर वाचते. पण मधले सात-आठ महिने ती सुईत दोरा ओवायला पोरीला हाक मारायची. गोधडी शिवायची सवय होती तिला. मी घरात असलो की ती हाक हळू मारायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. ते मला जास्त लागायचं.

तेव्हापासून भिशी बायकोच्या नावावर आहे. क्लबला पैसा शंभर रुपये, बाकी अंगमेहनत. बॉलमध्ये हवा भरतो, पाण्याचे जार उचलतो, हंगाम संपला की नेट शिवतो. नेट शिवायला आईनं शिकवलं.

माहेर सांगली, सासर पेठेत

पावतीवाल्या दादा, बेरीज करायला लावा वहिनींना. मी केली होती.

आमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. मॅच असली की हे शटर ओढायचे. लग्नानंतरच्या दुसऱ्या हंगामात मी कॅलेंडरवर, दूधवाल्याचे खाडे लिहितो तिथंच, दुकान बंद असलेल्या दिवसांवर फुल्या मारल्या. मे अखेर सव्वीस फुल्या. भांडले नाही. कॅलेंडर जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं.

मग करार झाला. मॅचच्या दिवशी दुकानात मी बसते. रिचार्ज, कव्हर, टेम्पर्ड ग्लास एवढं मला जमतं, रिपेअरीचे मोबाईल पाकिटात घालून नाव लिहून ठेवते. त्या दिवसाचा गल्ला माझा. त्याला हात लावायचा नाही, स्पर्धेची फायनल असली तरी. त्यातून गेल्या वर्षी पिको-फॉलचं मशीन घेतलं. त्यामुळे आता लीगचं वेळापत्रक आलं की ह्यांच्या आधी मी बघते, किती मॅच आहेत ते. संघ बाद झाला की ह्यांच्याइतकंच मलाही वाईट वाटतं, कारण वेगळं.

ऑफसाइड मला अजून कळत नाही, कळून घ्यायचंही नाही.

रिक्षावाला, मंगळवार पेठ

माझं दोन ओळीत. २०२२ ला गल्लीतल्या अर्जेंटिनाच्या फ्लेक्सला दीड हजार दिले, बायकोला सांगितलं रिक्षाचं काम निघालं. १८ डिसेंबरला फायनल पेनल्टीवर गेली आणि मी खुर्चीवरून उठून ओरडलो, "माझे दीड हजार!" ती मागेच उभी होती.

नाशिककर, सध्या वॉरिंग्टन

मी लिव्हरपूलपासून अर्ध्या तासावर राहतो. नाशिकच्या मित्रांना वाटतं, हा दर आठवड्याला अ‍ॅनफिल्डला, म्हणजे लिव्हरपूल क्लबच्या मैदानात असतो. क्लबची मेंबरशिप म्हणजे तिकीट नव्हे, सोडतीत नाव घालायची परवानगी. मागच्या हंगामात दोनदा नंबर लागला. दोन्ही वेळा एकटाच गेलो, कारण चौघांची तिकिटं, गाडी, खाणं धरलं तर त्या पैशात मुलांचं महिनाभराचं पोहणं आणि बासरीचा क्लास होतो.

मजा पुढे आहे. इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनची मॅच टीव्हीवर दाखवतच नाहीत. लोकांनी घरी न बसता मैदानात जावं, खालच्या डिव्हिजनच्या क्लबांचा गल्ला बुडू नये म्हणून हा जुना नियम आहे. नाशिकला तेव्हा रात्रीचे साडेसात-साडेआठ, भाऊ जेवताना आरामात बघतो. स्टेडियमपासून वीस मैलांवर बसून मला गोल पंचवटीतून फोनवर कळतो!

६ फेब्रुवारी २०१६ ला मात्र मी आत होतो. ऑफिसातल्या एकाचं सीझन तिकीट मिळालं होतं. क्लबनं नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं होतं, म्हणून ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघाले. आम्ही संडरलँडविरुद्ध २-० नं पुढे होतो. माझ्या शेजारचे आजोबा कोटाची बटणं लावत म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा लवकर निघतोय. मी निघालो नाही. वर्षातली एकच मॅच, उसनं तिकीट, पाय निघेना. मग २-२ झालं आणि रिकाम्या खुर्च्यांत मी चोरासारखा बसून होतो. आठवडाभरात क्लबनं माघार घेतली, दर गोठवले. कट्ट्यावरच्या पाकिटाची गोष्ट वाचली तेव्हा हे आठवलं. तिथं कुणी न मागता दिलं. इथं सगळे नुसतं उठा म्हणत होते आणि मला तेही जमलं नाही.

फोंडा, गोवा

बाबा डेंपो क्लबचे. लहानपणी संघ राष्ट्रीय लीग जिंकला की त्या दिवशी घरात इसवण यायचा, एरवी बांगडे. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि मग डेंपो हे गोव्याचे क्लब आय-लीग ह्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. आईला वाटलं, चला, पेट्रोल वाचलं. वाचलंच. पण बाबा संध्याकाळी व्हरांड्यात बसून राहायचे. दोन महिन्यांनी आईच म्हणाली, "खंय तरी वचून या, बॉल पळोवचो." (कुठंतरी जाऊन या, बॉल बघायला.)

मी एफसी गोवाचा. २० डिसेंबर २०१५, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर इंडियन सुपर लीगची फायनल. ८७ व्या मिनिटाला आम्ही २-१ पुढे. मी पहिल्या पगारातून बाबांनाही तिकीट काढलं होतं. पुढच्या पाच-सात मिनिटांत ३-२ नं हरलो. परत येताना स्कूटरवर मागे बसून बाबा एकदाच बोलले, "तिकीट केदयाचें आसलें?" मी निम्मा आकडा सांगितला. ते म्हणाले, "तरी म्हारग."

पुणे, कोथरूड

मुलाला ओरिजिनल जर्सीच हवी. मी म्हटलं, फॅशन स्ट्रीटची घे, नंबर तोच, नाव तेच. तो म्हणाला, "बाबा, त्यातून क्लबला पैसे जात नाहीत." वय वर्षे अकरा. कोल्हापूरकरांनो, तुमची पावतीपुस्तकं ह्याच्यापासून लांब ठेवा.

जुना खेळाडू, वय ६४

थोडं कडू बोलतो. आम्ही खेळायचो तेव्हा मॅचनंतर दूध आणि केळी मिळायची. कोण दुसऱ्या पेठेच्या संघाकडून खेळला तर बाप घरात घेत नव्हता. आता बाहेरचे खेळाडू येतात, परदेशातलेही येतात. खेळ वाढला, गर्दी वाढली, चांगलंच आहे. त्या पोरांना मानधन मिळायलाच पाहिजे, तीही कुणाच्या घरचा हिशोब चालवत असतील. पण हा पैसा शेवटी येतो कुठून? ज्या घरात गॅसची टाकी उधारीवर येते त्या घरातूनसुद्धा. पुढाऱ्याच्या देणगीचा बोर्ड लागतो, शंभर रुपयेवाल्याचं नाव पावतीच्या स्थळप्रतीवर राहतं.

मी सेक्रेटरी होतो तेव्हा एक केलं. ज्याच्या घरी लग्न, दवाखाना किंवा बाळंतपण आहे, त्याच्या दारात त्या हंगामात पुस्तक न्यायचं नाही. लोकांना राग यायचा. "मला का वगळलं? मी काय मेलो?" एकजण बायको दवाखान्यात असताना तालमीत येऊन पन्नास रुपये टाकून गेला, पावती न घेता. पेठेतला माणूस हट्टी, त्याला वाचवायचं तरी कसं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मोल्डरभाऊ, नेटचं आमच्याकडेही काम आहे, मैदानात भेटलो की बोलू.

बायकोनं धागा काल रात्री वाचला, फ्रीजच्या आवाजात. मग बाड उघडून कॅल्क्युलेटर घेऊन बसली. आकडा अजून मला सांगितलेला नाही. फक्त सांगलीच्या वहिनींना विचारायला सांगितलंय, त्यांनी ते कॅलेंडर ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलं होतं की उजव्या?