गुहागर माणसाला निवडून देतं की निशाणीला? भास्कर जाधवांच्या सात निवडणुका

साकवापलीकडचा (धागा सुरू करणारे)

नोव्हेंबर 2024 मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आठ जागांपैकी सात महायुतीने घेतल्या. राजापुरात राजन साळवी पडले, कुडाळात वैभव नाईक पडले. रत्नागिरी, दापोली, सावंतवाडी, कणकवलीतही ठाकरेंच्या शिवसेनेचं काही चाललं नाही. उरली एकटी गुहागरची जागा, तीही 2,830 मतांनी. शृंगारतळीचा बाजार असो की मुंबईतल्या गावकरी मंडळाची बैठक, आमच्याकडे तेव्हापासून एकच वाद चालू आहे: ही जागा पक्षाने राखली की भास्करशेठनी, म्हणजे आमदार भास्कर जाधवांनी?

माझं मत स्पष्ट आहे. शेठनी राखली. पक्षाच्या जिवावर राखायची असती, तर बाकीच्या जागा एवढ्या धडाधड पडल्या नसत्या.

त्यांचा हिशेब बघा. 1995 आणि 1999 ला चिपळूणातून शिवसेनेचे आमदार. 2004 ला पक्षाने तिकीट कापलं, अपक्ष उभे राहिले आणि हरले. पुढे राष्ट्रवादीत गेले आणि 2009 ला गुहागरात थेट रामदास कदमांना पाडलं. कदम तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, साधा उमेदवार नव्हे. 2014 ला पुन्हा राष्ट्रवादी, पुन्हा विजय. सप्टेंबर 2019 मध्ये आमदारकीचा राजीनामा देऊन शिवसेनेत परतले आणि दीड महिन्याच्या आत निवडून आले. 2024 ला ठाकरेंच्या शिवसेनेची मशाल. सात लढती, सहा विजय, तीन वेगवेगळ्या निशाण्या.

शेवटच्या लढतीत तर धनुष्यबाण समोरच्या उमेदवाराकडे होता. ज्या घरात आजी पंचवीस-तीस वर्षं बाणावर शिक्का मारत आली, मग बाणाचं बटण दाबत आली, तिला त्या वेळी बाण सोडून मशाल शोधायला लावायची होती. हे काम मुंबईतली सभा करत नाही. त्यासाठी वाडीवाडीत ओळख लागते.

आणखी एक. त्यांच्यावर पक्षबदलू म्हणून टीका होते. पण पक्ष बदलला तेव्हा ते मतदारांपुढे गेले. 2022 ला शिंदेंबरोबर गेलेल्या अनेकांनी तेही केलं नाही, आणि शेठ तेव्हा जागेवरून हलले नाहीत. ही गोष्ट मी मोठी मानतो.

वाशिष्ठीकाठ

दादा, तुमच्याच यादीत तुमच्या म्हणण्याला छेद देणारं साल आहे, आणि तुम्ही ते अर्ध्या वाक्यात उरकलंत. 2004. सलग नऊ-दहा वर्षं आमदार, घरचा तालुका, तुरंबव चिपळूण तालुक्यातलंच. माणसालाच मत मिळत असतं तर अपक्ष म्हणून ते निवडून आले असते. आले राष्ट्रवादीचे रमेश कदम. निशाणी काढून घेतली आणि माणूस पडला, एवढा सरळ पुरावा दुसऱ्या कुठल्या मतदारसंघात मिळणार नाही.

आता 2009. युतीने गुहागरची जागा भाजपकडून काढून सेनेला दिली, कारण पुनर्रचनेत खेड मतदारसंघ गेला आणि रामदासभाईंना जागा हवी होती. डॉ. विनय नातू नाराज होऊन अपक्ष उभे राहिले. कदम आणि नातू यांच्या मतांची बेरीज करा, ती जाधवांच्या मतांपेक्षा जास्त भरते. तो विजय युतीने भांडून हातात आणून दिला. त्याआधी गुहागर हा भाजपचा गड होता. आधी डॉ. श्रीधर नातू, मग विनय नातू. तो गड फोडला तो नातू-कदम वादाने.

राजीनाम्याचं म्हणाल, तर 2019 चा राजीनामा निवडणूक तोंडावर असताना दिला. पाच वर्षांची मुदत जवळजवळ संपली होती, गमावण्यासारखं काहीच नव्हतं. खरी परीक्षा नारायण राणेंनी दिली. 2005 ला काँग्रेसमध्ये गेले, मालवणची जागा सोडली, पोटनिवडणुकीत उतरले आणि सेनेच्या उमेदवाराची अनामत जप्त झाली. राणेंचं बाकी सगळं पटतं असं नाही, पण मध्येच जागा सोडून लोकांपुढे जाणं याला म्हणतात.

फेरीबोट

राणेंचं उदाहरण अर्धं सांगितलंत. त्याच राणेंना 2014 ला कुडाळात वैभव नाईकांनी 10 हजारांवर मतांनी पाडलं. पुढच्या वर्षी वांद्रे पूर्वच्या पोटनिवडणुकीतही पडले. माजी मुख्यमंत्री पडतो तिथे निशाणी की माणूस हा हिशेब एका वाक्यात सुटत नाही.

खाडीपट्टा

तुम्ही दोघंही एक विषय टाळताय. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात कुणबी समाज किती मोठा आहे हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. कुणबी नेते शामराव पेजेंच्या काळापासून समाजाची मागणी एकच: आमची संख्या एवढी, तर आमचा आमदार का नाही? 2019 ला राष्ट्रवादीने सहदेव बेटकर दिले, 2024 ला शिंदेंच्या सेनेने राजेश बेंडल दिले. दोघेही समाजातले. बेंडल गुहागरचे नगराध्यक्ष राहिलेले. 2014 ला जाधवांचं मताधिक्य 30 हजारांच्या वर होतं, बेटकरांसमोर ते 26 हजारांच्या आसपास आलं, बेंडलांसमोर तीन हजारही राहिलं नाही.

हे आकडे ओळीने मांडले की दिसतं, जाधवांची ताकद तेवढीच राहिली असेल, पण समोरची मतं एकत्र यायला लागली. 2014 ला चारही मोठे पक्ष वेगळे लढले होते. 2024 ला भाजप, शिंदे आणि अजित पवार एका उमेदवारामागे होते. मनसेचाही उमेदवार होता, ती मतं कोणाच्या पारड्यातून गेली यावर कितीही वाद घाला.

मी मतदान कोणाला केलं ते सांगणार नाही. पण समाजाचा माणूस उभा असताना समाजातल्या हजारो लोकांनी जाधवांना मत दिलं, त्याशिवाय ते निवडून येऊच शकत नव्हते. याचा अर्थ लावताना 'निशाणी' पण पुरत नाही आणि 'जात' पण पुरत नाही.

चाकरमानी, विरार

खाडीपट्ट्यांच्या शेवटच्या ओळीला माझं अनुमोदन, आणि तो अर्थ कसा लागतो ते मी पाहिलंय म्हणून लिहितो.

आमच्या गावाचा निर्णय मुंबईत होतो. मतदानाच्या आधीच्या रविवारी मंडळाची बैठक बसते, नालासोपाऱ्यात कुणाच्या तरी इमारतीच्या गच्चीवर. वाडीप्रमुख, गावकर, मंडळाचे अध्यक्ष, सचिव. वहीत तीन गोष्टी मांडलेल्या असतात: पाखाडी (दगडी पायवाट) झाली का, पऱ्यावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) कोणाच्या निधीतून आला, आणि गेल्या वर्षी गावात मयत झालं तेव्हा कोण येऊन बसलं. तिसऱ्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ जातो. मग मतदानाच्या आदल्या रात्री गाडी सुटते, पहाटे फाट्यावर उतरायचं, घरी चहा, शाळेत रांग, आणि दुपारी परत.

या बैठकीत पक्षाचं नाव निघतं, पण उशिरा. भास्करशेठचं नाव आमच्याकडे त्या तिसऱ्या प्रश्नाला निघालं. तुरंबवच्या शारदादेवीच्या नवरात्रात त्यांना पाहिलेली माणसं गावोगाव आहेत. उमेदवार आणि देवळातला माणूस एकच असतो तेव्हा निशाणी बदलली तरी लोक बिचकत नाहीत.

वाशिष्ठीकाठ

विरारकर, तुमचं वर्णन खरं आहे आणि मला तेच खटकतं. आमदार मयताला आला की नाही हा प्रश्न तिसरा असो की पहिला, वहीत चौथा प्रश्नच नाही. एप्रिल-मे महिन्यात सड्यावरच्या (कातळ पठारावरच्या) वाड्यांना टँकर का लागतो? पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारा हा भाग. अंजनवेलला एन्रॉनचा प्रकल्प आला, 2001 ला बंद पडला, 2005 ला रत्नागिरी गॅस अँड पॉवर झाली, शेजारी एलएनजीचं टर्मिनल उभं राहिलं. एवढं सगळं होऊन गुहागरचा पोरगा आयटीआय करून कळंबोलीलाच जातो. 1995 पासून जाधव राजकारणात मोठ्या पदांवर आहेत, 2009 नंतर नगरविकास राज्यमंत्री होते, 2013 ला राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष झाले. एवढ्या कारकिर्दीला हा प्रश्न विचारला जायलाच हवा, आणि तो एकट्या त्यांना नाही, नातूंना आणि सामंतांनाही.

2013 च्या फेब्रुवारीतलं लग्नही मी विसरलेलो नाही. राज्य दुष्काळात होतं आणि चिपळूणला मुलांच्या लग्नाचा तो थाट. शरद पवारांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, मग जाधवांनी माफी मागितली. माफी मागितली हे त्यांच्या बाजूने लिहितो. पण पुढच्याच वर्षी मताधिक्य 30 हजारांवर गेलं, म्हणजे मतदारांनी त्याची काहीच किंमत वसूल केली नाही. मुलगा पुढे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष झाला, त्यावरही गावात कोणी प्रश्न विचारला नाही.

विधानभवन गॅलरी

सगळे मतदारसंघाबद्दल बोलताय. आमदाराचं काम सभागृहात असतं, तिथलंही बघा.

5 जुलै 2021 ला तालिका अध्यक्ष म्हणून, म्हणजे अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवायला, जाधव खुर्चीवर होते. गोंधळ झाला, दालनात त्यांना धक्काबुक्की-शिवीगाळ झाल्याचा आरोप झाला आणि भाजपच्या 12 आमदारांचं एका वर्षासाठी निलंबन झालं. 28 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. अधिवेशन संपल्यावर निलंबन चालू ठेवता येत नाही, कारण तितका काळ 12 मतदारसंघ प्रतिनिधीविना राहतात. ठराव सभागृहाचा होता, एकट्या जाधवांचा नव्हता हे मान्य. पण एवढा अनुभवी माणूस खुर्चीवर असताना हे व्हायला नको होतं.

तरीही मी त्यांच्याच बाजूने आहे. संसदीय नियमावली हातात घेऊन मुद्दा मांडणारे आमदार कोकणात आता बोटावर मोजण्याइतके. मार्च 2025 मध्ये ठाकरेंच्या पक्षाने विरोधी पक्षनेतेपदासाठी त्यांचं नाव दिलं ते याच कारणाने. त्यांचे आमदार 20, आणि 288 च्या सभागृहात दहा टक्के म्हणजे 29 लागतात असं सत्ताधारी म्हणतात. तो संकेत आहे, बंधनकारक नियम नाही, असं विरोधकांचं म्हणणं. मला विरोधकांचं पटतं. सरकारला धारेवर धरणारा नेता सभागृहाला मिळावा यासाठी आकड्याआड लपू नये.

चिपळूणची लेक

22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या बाजारपेठेत पहिला मजला बुडाला. तीन दिवसांनी मुख्यमंत्री आले. मदतीसाठी रडत बोलणाऱ्या बाईला उत्तर देताना शेजारी उभ्या जाधवांचा आवाज आणि हात दोन्ही वर गेले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आपला हेतू वाईट नव्हता असं त्यांनी नंतर सांगितलं. हेतूचं मला माहीत नाही. सगळं वाहून गेलेल्या माणसाशी बोलायची रीत असते. सभागृहात करारी बोलणं वेगळं आणि चिखलात उभ्या असलेल्या दुकानदार बाईशी बोलणं वेगळं. विधानभवन गॅलरीवाल्या काकांनी त्यांच्या वक्तृत्वाचं कौतुक केलं, म्हणून हे लिहिलं.

साकवापलीकडचा

ताई, ते पाहून मलाही वाईट वाटलं होतं, त्याची बाजू मी घेणार नाही.

वाशिष्ठीकाठ, 2004 बद्दल. तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण तुम्ही निष्कर्ष फार लांब नेलात. अपक्ष उमेदवाराला फक्त निशाणी नसते असं नाही, बूथवर बसणारा माणूस नसतो, मंडळाची गाडी नसते, पक्षाचे जिल्हा परिषद सदस्य त्याच्याविरुद्ध फिरत असतात. 2004 ने दाखवलं ते एवढंच की माणसाला यंत्रणा लागते. 2009 पासून त्यांनी ती यंत्रणा स्वतःची बांधली, पक्षाबरोबर ती बदलत नाही. म्हणून 2019 ला घड्याळाचे कार्यकर्ते त्यांच्यामागे बाणाकडे गेले, आणि 2022 ला पक्ष फुटला, पुढे बाणही गेला, तरी बहुतेक जण जागेवर राहिले. शिंदेंकडे जायचं आमिष त्या वेळी कोकणात कोणाला नव्हतं? उदय सामंत, दीपक केसरकर, योगेश कदम गेले आणि 2024 ला तिघंही निवडून आले. तिकडे जाणं सोपं होतं. शेठ गेले नाहीत आणि तरी निवडून आले, याचं श्रेय निशाणीला कसं देणार?

टँकरचा प्रश्न मात्र आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी स्वतः वहीत लिहायला लावणार आहे.

वाशिष्ठीकाठ

यंत्रणा त्यांची स्वतःची असेल तर 30 हजारांचे 2,830 कसे झाले? तुमच्या म्हणण्याप्रमाणे यंत्रणा तीच, माणूस तोच.

खाडीपट्टा

याचं उत्तर इथे बसून मिळणार नाही. निवडणूक आयोगाचा फॉर्म 20 काढा, त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. गुहागर मतदारसंघात गुहागर तालुका आहे, शिवाय चिपळूण आणि खेडचा काही भाग आहे. तिन्ही भाग वेगळे करून 2019 आणि 2024 ची तुलना करा. घट सगळीकडे सारखी असेल तर माणसाबद्दलची नाराजी. फक्त कुणबीबहुल केंद्रांवर असेल तर उमेदवाराचा परिणाम. आणि खेडच्या बाजूला जास्त असेल तर तिथे रामदास कदमांची यंत्रणा बाणामागे उभी होती, हे कारण.

साकवापलीकडचा

गुहागर तालुक्याची केंद्रं मी करतो. चिपळूणची तुम्ही घ्या, वाशिष्ठीकाठ. खेडची बाजू माहीत असलेलं कोणी आहे का इथे?