मिटच्या आधी बोटं तपासा
पक्षाघातानंतर चांगल्या हाताला मिट, म्हणजे तो वापरता येऊ नये असा जाड हातमोजा, घालून बांधला की लुळा हात आपोआप चालायला लागतो, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या एक्साइट चाचणीत दोन आठवडे जागेपणीचा 90 टक्के वेळ मिट होतं, पण सोबत कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सरावही होता. शिवाय चाचणीत रुग्ण घेण्याची अट: लुळ्या हाताचं मनगट, अंगठा आणि आणखी दोन बोटं किमान 10 अंश तरी स्वतःहून उघडायला हवीत. मूठ घट्ट मिटलेली असेल तर नुसतं बांधून चिडचिडच वाढते.

सरावात बघायचं ते खांद्याकडे. वाटी उचलताना खांदा कानाकडे चढला, अंग पुढे झुकलं, की हात नाही, बाकीचं अंगच काम करतंय. वाटी जवळ सरकवा. आणि जिना उतरताना, गरम भांड्यापाशी मिट काढाच.