धाडस, साहस, धैर्य, धडाडी: नेतृत्वाविषयी लिहिताना नेमका शब्द कोणता?

विचारणा

'देशाच्या प्रगतीसाठी नेत्याच्या अंगी धाडस हवे.' या वाक्यात 'धाडस'च्या जागी 'साहस' किंवा 'धैर्य' घातलं, तर अर्थ कितपत बदलतो? 'हिंमत' आणि 'धडाडी' यांचं काय?

प्रतिसाद 1

बराच बदलतो. शब्दांना क्रियापदं जोडून बघा, फरक लगेच कळतो. धाडस करतात, नाहीतर ते होतं: 'विचारायचं धाडस झालं नाही.' धैर्य दाखवतात, आणि ते खचतं. धीर धरतात, दुसऱ्याला देतात, तो सुटतो. 'धीर करून विचारलं' असंही आपण म्हणतो, पण ते लहानशा धाडसापुरतं. हिंमत धाडसासारखी करता येते आणि धीरासारखी धरताही येते, म्हणून ती दोन्हीकडे चालते. मूळ अरबीत तिचा अर्थ निश्चय, आकांक्षा असा आहे. धडाडी मात्र करता येत नाही, ती अंगात असावी लागते. 'धडाडी केली' कुणी म्हणणार नाही. विशेषणही 'धडाडीचा'. 'धडाडी नेता' हे सरळ चूक.

थोडक्यात, धाडस ही कृती आहे, तिला एक क्षण असतो. धैर्याला मुदत लागते. धडाडी म्हणजे कामाचा झपाटा. आग 'धडाडून पेटते', त्याच कुळातला हा शब्द.

प्रतिसाद 2

साहसाबद्दल थोडं. मूळ 'सहस्', म्हणजे बळ, जोर. संस्कृतात 'सहसा' म्हणजे एकाएकी, मागचापुढचा विचार न करता. मराठीत त्याचाच अर्थ 'बहुतेक वेळा' असा झाला, हा प्रवास मुळातून अभ्यासण्याजोगा आहे.

धर्मशास्त्रात तर साहस हा गुन्हा होता. मनुस्मृतीतल्या 18 व्यवहारपदांपैकी, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांपैकी, ते एक. बळजबरीने, उघडउघड केलेली कृत्यं त्यात येत. दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव: प्रथम साहस 250 पण ('पण' हे तेव्हाचं नाणं), मध्यम साहस 500, उत्तम साहस 1000. आज 'साहसी खेळ', 'साहसी पर्यटन' म्हणताना तो डाग पुसला गेला आहे. पण 'धाडस'ला तो अजून चिकटलेला दिसतो. वर्तमानपत्रांत 'भरदिवसा धाडसी घरफोडी' हा मथळा आपण नेहमी वाचतो. 'धीट' शब्दही 'धृष्ट'वरून आला. मराठीत धीट मूल कौतुकाचं, धृष्टता मात्र अजूनही क्षमा मागण्याची गोष्ट.

म्हणून 'नेत्याच्या अंगी धाडस हवे' एवढंच लिहिणं मला अपुरं वाटतं. कशाचं धाडस, ते वाक्यात यायलाच हवं.

प्रतिसाद 3

वरच्या मुद्द्याला 1991 चं उदाहरण चपखल बसतं, कारण त्या एकाच महिन्यात हे सगळे शब्द लागतात.

21 जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी, आणि सरकार अल्पमतातलं. रुपयाचं अवमूल्यन दोन टप्प्यांत करायचं ठरलं. 1 जुलैचा पहिला टप्पा लहान, बाजाराची नाडी पाहण्यापुरता. दुसरा मोठा, 3 जुलैला. दोन्ही मिळून डॉलरच्या तुलनेत घट सुमारे 18-19 टक्के. पहिल्यानंतर टीका उसळली तेव्हा रावांना दुसरा टप्पा थांबवावासा वाटला. 3 तारखेला सकाळी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तोवर नवे दर जाहीर होऊन गेले होते.

इथे शब्द नीट वापरा. पहिला टप्पा हे धाडस. मधल्या दोन दिवसांत जे डळमळलं, ते धैर्य. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं तारण म्हणून बाहेर गेलं, त्याला 'हिंमत' शोभते: नाचक्की होणार हे माहीत असूनही केलेलं काम. 24 जुलैला एकाच दिवशी अर्थसंकल्प आणि 18 उद्योग सोडून बाकीच्यांवरची परवान्याची सक्ती रद्द करणारं औद्योगिक धोरण आलं, ती धडाडी. अर्थसंकल्पातली खतांची 40 टक्के दरवाढ पुढे विरोधामुळे 30 टक्क्यांवर आणली. याला 'धीर सुटला' म्हणू नये, 'नमतं घेतलं' म्हणावं. धीर सुटला की माणूस सगळंच सोडतो. इथे दहा टक्के सोडून बाकीचं राखलं.

प्रतिसाद 4

यादीत 'बाणेदारपणा' राहिला, आणि तो राहून चालणार नाही. सत्तेला तोंडावर नाही म्हणण्याला मराठीत हाच शब्द आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल (1773) रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे बाणेदार. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुखही बाणेदार. दोघांनाही 'धाडसी' म्हटलं तर कानाला खटकतं. धाडसात काहीतरी साधायचं असतं. बाणेदार माणूस मिळवायला निघालेला नसतो, जवळ आहे ते पणाला लावतो.

विचारणा (पुन्हा)

मग 'धाडसी नेतृत्व' चूकच का?

प्रतिसाद 1

व्याकरणाने चूक नाही, अर्थाने सैल आहे. नेतृत्व सलग चालणारी गोष्ट, त्याला 'खंबीर' किंवा 'धडाडीचं' लावा. 'धाडसी' निर्णयाला ठेवा, आणि निर्णय कोणता तेही लिहा. 'धाडसी पाऊल उचलले' टाळलेलंच बरं, वापरून वापरून ते बोथट झालं आहे. तुमचं वाक्य असं करता येईल: 'अप्रिय निर्णय घेण्याचं धाडस आणि त्याचे परिणाम दिसेपर्यंत टिकण्याचं धैर्य, दोन्ही नेत्याकडे हवं.'

प्रतिसाद 2

'टिकण्याचं'ऐवजी 'तग धरण्याचं' करा. टिकतं ते पदही. तग माणसालाच धरावा लागतो.