पस्तिशीनंतरचा स्वयंपाक आणि टीव्हीवरचे शेफ

तिशी उलटल्यावर स्वयंपाक शिकणं अवघड, आणि टीव्हीवरच्या स्पर्धा बघून तर न्यूनगंडच येतो, असं बरेचदा ऐकू येतं. मला ते अर्धंच पटलं. न्यूनगंडाचं खरंय. घड्याळ लावून, रडारड करून कोण घरी जेवण करतं?

पण वयाचं नाही पटत. अमेरिकेतल्या गाजलेल्या टीव्ही-शेफ ज्युलिया चाइल्डबाईंनी पॅरिसच्या स्वयंपाक-शाळेत नाव घातलं १९४९ साली, वयाच्या ३७व्या वर्षी. पहिल्या खेपेला परीक्षेत नापास! पहिलं पुस्तक आलं १९६१ मध्ये, टीव्हीवर आल्या पन्नाशीत. कॅमेऱ्यासमोर पदार्थ उलटताना फसला, तर सांडलेला भाग उचलून परत तव्यात. मला आवडल्या त्या इथेच.

माझी सुरुवात मश्रूमपासून झाली. दर वेळी गिळगिळीत व्हायचे आणि मी मसाल्याला दोष द्यायचे. चूक निघाली गर्दीची. मश्रूममध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तवा गच्च भरला की ते तिथेच साचतं, आणि पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. खरपूसपणा यायला साधारण १४० लागतात. म्हणून मोठा तवा, मोजकेच तुकडे, मीठ शेवटी, आणि सारखं ढवळायचं नाही. (हे 'ढवळायचं नाही' मला सगळ्यात जड गेलं. स्वभावच तसा, घरातल्यांना विचारा.)

आता आठवड्यातून दोनदा करते. परवा करपले, पण मी फोनवर होते तेव्हा.