मदत हवी आहे: आजीच्या आवाजाची बुरशी लागलेली कॅसेट

आमची आजी ९४ वर्षं जगली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत होती. तो अख्खा दिवस तिने एका ९० मिनिटांच्या कॅसेटवर सांगितलाय. (मध्येच कुकरच्या शिट्ट्या, त्या राहू द्यायच्यात.)

फितीवर पांढरी बुरशी आहे. घरच्या टेपवर लावली तर गुंडाळली गेली. पेन्सिलने सोडवली, तुटलेली नाही. एक दुकानदार ‘स्पिरिटने पुसू’ म्हणाला, धीर झाला नाही. दुसरी प्रत नाही, म्हणून कुरियर नको. खर्च चार हजारांपर्यंत.

पुण्यात बुरशी काढून, समोर बसून डिजिटल करून देणारं खात्रीचं कुणी आहे का? आणि फीत आधी दुसऱ्या चांगल्या कॅसेटमध्ये बसवून घ्यावी का?