दिल्ली ते लेह : अंतर किती आणि विमानाला वेळ किती?

प्रश्न
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील शेतकरी आहे. माझा धाकटा भाऊ सैन्यात असून सध्या त्याची नेमणूक लेह येथे आहे. पोळा आटोपला की सोयाबीन सोंगणीला येईपर्यंत थोडी सवड मिळते. त्या दिवसांत आईवडिलांना त्याच्याकडे घेऊन जाण्याचा विचार आहे. नागपूरहून दिल्लीपर्यंत रेल्वेने जाऊ. मात्र दिल्ली ते लेह हे अंतर कोणी सहाशे किलोमीटर सांगतो, तर कोणी हजार. नेमके किती, आणि विमानाला किती वेळ लागतो? वडील सत्तरीकडे झुकले आहेत आणि आईला रक्तदाबाची गोळी सुरू आहे.

प्रतिसाद १
भाऊ, दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला हवाई अंतराचा, दुसरा रस्त्याचा. दिल्ली आणि लेह जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असल्यामुळे हा हिशेब घरबसल्या करता येतो. दिल्लीचा अक्षांश सुमारे २८.६ अंश आणि लेहचा ३४.१ अंश, म्हणजे फरक साडेपाच अंशांचा. एका अंशाचे साधारण १११ किलोमीटर धरले की सहाशे दहाच्या आसपास किलोमीटर होतात. तिकिटावर सव्वा ते दीड तास दिसेल, पण त्यात विमानतळावर विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत आणि धावपट्टीपासून चालते तो वेळही धरलेला असतो. रस्ता मनालीवरून जातो. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची चढण टळली असली, तरी पुढे तंगलंग ला ही पाच हजार मीटरहून उंच खिंड आहेच. वयस्क माणसांना त्या वाटेने नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २
मी सैन्यातून निवृत्त झालो असून लेहमध्ये राहिलेलो आहे. आपण वेळेची चौकशी केली, परंतु खरी काळजी उंचीची घ्यायला हवी. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, तर लेहचा विमानतळ ३,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. पहिल्या दिवशी बुटाची नाडी बांधायला वाकले तरी धाप लागते. दिल्लीहून दीड तासात एवढ्या उंचीवर गेलेल्या शरीराला सवय व्हायला अवधी लागतो, म्हणून पहिले दोन दिवस आईवडिलांना खोलीतच विश्रांती घेऊ द्यावी, पाणी पुरेसे द्यावे आणि आणखी उंचावरची खारदुंग ला खिंड किंवा पँगाँग सरोवर पाहण्याचा विचारही करू नये. डोकेदुखी, मळमळ वाढत गेली किंवा बसल्या जागी दम लागू लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. निघण्यापूर्वी दोघांचीही डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि आईची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचाही आभारी आहे. आमची गाडी सकाळी दिल्लीला पोचते. त्याच दिवशीचे विमान घ्यावे का?

प्रतिसाद ३
घेऊ नये. लेहची बहुतेक विमाने सकाळीच सुटतात, कारण दुपारनंतर त्या खोऱ्यात वारा जोर धरतो आणि विरळ हवा तापली की विमानाला उड्डाण घेणे अधिक कठीण होते. गाडीला दोन तास उशीर झाला तरी विमान हुकेल. रात्री दिल्लीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे निघावे. परतताना खराब हवामानामुळे विमान रद्द होण्याची शक्यता असते, म्हणून दिल्लीहून नागपूरचे रेल्वे आरक्षण लेहहून निघण्याच्या दिवसाचे न करता एक दिवस सोडून करावे.